गिमवीचे पाणी, भाट्याचे आगर : रत्नागिरीतील कृमिरोगांच्या इतिहासाची प्रस्तावना

शेतात राबणाऱ्या माणसाला जडणाऱ्या रोगांपैकी काही रोग असे आहेत, की त्यांचे कारण त्याच्या कामाच्या जागीच असते. ज्या चिखलात तो भात लावतो, ज्या पाटाचे पाणी तो माडांना देतो आणि ज्या कोंडीत दिवसभराचा घाम धुऊन काढतो, त्याच चिखलातून आणि पाण्यातून रोगाचा जीव त्याच्या अंगात शिरतो. दुसऱ्या जिवाच्या शरीरात राहून त्याच्याच रक्तावर किंवा अन्नावर जगणाऱ्या जिवाला परजीवी म्हणतात. त्यांपैकी कृमींच्या रूपातले परजीवी सहसा माणसाला चटकन मारत नाहीत. ते त्याला वर्षानुवर्षे झिजवतात, आणि म्हणूनच कॉलरा किंवा प्लेग यांच्यासारखी सरकारदरबारी दखल त्यांना फारशी मिळाली नाही. रत्नागिरी जिल्ह्यात या झिजवणाऱ्या रोगांचा जो शोध लागला, जो उपचार झाला आणि जे दुर्लक्ष झाले, त्याची संगती लावणे हा या प्रस्तावनेचा विषय आहे. तो मांडताना रोगजंतूंइतकेच लक्ष रोग्याच्या गावापर्यंत चालत गेलेल्या वैद्यकाकडे दिले आहे.

या विषयाची भूमी समजून घ्यायला भाट्ये हे गाव सोयीचे आहे. काजळी नदी रत्नागिरी शहराच्या दक्षिणेला समुद्राला मिळते, आणि त्या खाडीच्या पलीकडे सुरूच्या बनाची किनार लाभलेले भाट्ये वसलेले आहे. येथेच 1955 साली स्थापन झालेले आणि आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखाली असलेले प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे. एका बाजूला खारे पाणी, दुसऱ्या बाजूला माडांच्या सावलीतली ओलसर वाळूमिश्रित जमीन आणि मागे जांभ्याच्या कातळाचे चढ, अशी या गावाची रचना आहे. परजीवींच्या दृष्टीने पाहिले तर हे तीन पट्टे म्हणजे तीन निरनिराळे प्रदेश आहेत. भरतीचे पाणी जिथवर पोहोचते तिथवर गोड्या पाण्यातल्या गोगलगाई आणि त्यांच्यावर अवलंबून असणारे कृमी तग धरत नाहीत; मात्र सावलीत ओल टिकवून धरणारी भुसभुशीत जमीन ही अंकुशकृमीच्या अळीला हवी तशीच असते; आणि कातळाच्या आत, सड्यापलीकडच्या गावांत, उन्हाळ्यात आटत जाणाऱ्या नद्यांच्या कोंडींत आणखी वेगळ्या कृमीला जागा मिळू शकते. एकाच जिल्ह्यात चार-दोन कोसांवर रोगाचे स्वरूप का बदलते, याचे उत्तर रोग्याच्या नाडीपेक्षा त्याच्या पायाखालच्या मातीत अधिक सापडते.

अंकुशकृमी हा सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा, आतड्याच्या आतल्या अस्तराला तोंडाने धरून रक्त पिणारा कृमी आहे. त्याची अंडी विष्ठेतून जमिनीवर पडतात, ओल आणि ऊब मिळाली की काही दिवसांत त्यांतून अळ्या निघून वाढतात, आणि अनवाणी माणसाचा पाय तिथे पडला की त्या कातडीतून आत शिरतात. पुढे रक्तावाटे फुप्फुसात, तिथून घशात आणि गिळल्या गेल्या की आतड्यात, असा त्यांचा प्रवास होतो. कातडीतून शिरण्याची ही वाट आर्थर लूस या जर्मन शास्त्रज्ञाला 1898 मध्ये इजिप्तमध्ये स्वतःच्याच हातावर अळ्यांचे पाणी सांडल्यामुळे उमगली. आपल्याकडे आढळणाऱ्या दोन जातींपैकी एका जातीचा एक कृमी दिवसाला सुमारे 0.03 मिलिलिटर, तर दुसऱ्या जातीचा त्याच्या पाच-सात पट रक्त घालवतो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण शेकडो कृमी वर्षानुवर्षे पोटात असलेल्या आणि आहारात लोह जेमतेम असलेल्या माणसाच्या बाबतीत हा हिशेब पांढरेफटक डोळे, चढावर लागणारी धाप, पायावरची सूज आणि बाळंतपणात ओढवणारे मरण इथपर्यंत जाऊन पोहोचतो.

कोकणातल्या आगराची व्यवस्था पाहिली, तर या कृमीला लागणारी प्रत्येक गोष्ट तिथे जुळून येते. विहिरीवरचा रहाट, त्यातून माडाच्या आळ्यांपर्यंत नेलेले पाट, न्हाणीचे पाणी सोडलेली परसातली केळ, दाट सावली आणि भोवतालच्या झाडीत परसाकडे जाण्याची जुनी रीत, या सगळ्यांतून जमीन बारा महिने ओली आणि दूषित राहते. त्यावर चालणारे पाय मालकाचे क्वचितच असत. शिंपणे करणारा गडी, माडावर चढणारा पाडेकरी, पावसाळ्यात इरले पांघरून दिवसभर वाकून तरवा काढणाऱ्या आणि लावणी करणाऱ्या बाया यांचे ते पाय असत, आणि वहाण ही त्यांच्या आयुष्यात लग्नाकार्याची किंवा मुंबईच्या बोटीची वस्तू होती. खोत नावाच्या मध्यस्थाला पिकाचा वाटा द्यावा लागणाऱ्या खोती पद्धतीत कुळाच्या पदरात जे धान्य उरे त्यातून औषध घेणे दूरच राही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि 1949 च्या कायद्याने ती पद्धत संपली, ही घटना सहसा जमिनीच्या इतिहासात नोंदली जाते. तिला रत्नागिरीच्या आरोग्याच्या इतिहासातही तितकेच मानाचे स्थान आहे, कारण कुळाच्या रक्तातले लोह आणि खोताच्या मळणीतला वाटा हे दोन वेगळे विषय नव्हते.

या रोग्यांसमोर पहिला उभा राहणारा माणूस गावचा वैद्य होता. वावडिंग, पळसबी आणि कपिला यांनी जंत पाडण्याची त्याची विद्या जुनी होती, आणि गोल जंतांवर तिचा काही उपयोगही होत असे. परंतु अंकुशकृमी विष्ठेत सहसा डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे पांडुरोग आणि जंत यांचा संबंध प्रत्येक वेळी जुळणे कठीण होते. त्याच्यानंतर तालुक्याच्या गावी पाटी लावून बसलेला डॉक्टर आला. तो बहुधा पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलसारख्या संस्थेतून एल.एम.पी. ही पदविका घेऊन, नाहीतर मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची एल.सी.पी.एस. ही परीक्षा देऊन परतलेला असे. या वर्गाला पदवीधरांच्या तुलनेत कमी लेखण्याची रीत वैद्यकीय वर्तुळात होती, आणि 1946 च्या भोर समितीने देशात एकाच दर्जाचा, पदवीधर डॉक्टर असावा अशी शिफारस केल्यावर ती शिक्षणपद्धती मावळत गेली. शिफारस तत्त्वतः योग्य होती. तथापि खेड्यात राहायला तयार असलेली डॉक्टरांची एक पिढी तिच्यामुळे पुढे चालू राहिली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

त्या डॉक्टराच्या हाती साधने किती होती? सूक्ष्मदर्शक असेल, तर विलिस नावाच्या संशोधकाने 1921 मध्ये सांगितलेली एक युक्ती त्याच्या आवाक्यात होती. लहानशा बाटलीत विष्ठेचा अंश घ्यायचा, त्यात मीठ विरघळेनासे होईपर्यंत घातलेले पाणी काठोकाठ भरायचे, वर काचेची पट्टी टेकवायची आणि काही मिनिटांनी ती अलगद उचलून पाहायची. अंकुशकृमीची अंडी मिठाच्या पाण्यापेक्षा हलकी असल्यामुळे वर तरंगतात आणि काचेला चिकटून येतात. मिठागरांच्या किनाऱ्यावर या तपासणीला काही कमी पडण्याचे कारण नव्हते. औषधे मात्र कठीण होती. थायमॉल पोट रिकामे ठेवून आणि आधी-मागून जुलाब देऊन द्यावे लागे, 1920 च्या दशकात आलेले कार्बन टेट्राक्लोराइड यकृताला इजा करी, आणि अशक्त, पांढऱ्या पडलेल्या बाईला हे औषध द्यावे की आधी लोह देऊन तिच्या अंगात रक्त भरू द्यावे, हा निर्णय कोणत्याही पुस्तकापेक्षा समोरच्या रोग्याकडे पाहूनच घ्यावा लागे.

मराठी मुलखातल्या परजीवींच्या अभ्यासाचे दुसरे टोक मुंबईत परळ येथे होते. प्लेगच्या साथीत उभी राहिलेली आणि 1925 पासून हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाणारी प्रयोगशाळा प्रामुख्याने लसींसाठी प्रसिद्ध आहे. पण विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिथे कृमींवर जे काम झाले, ते कमी मोलाचे नाही. प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी डॉ. आत्माराम पांडुरंग यांचे चिरंजीव डॉ. ज्ञानेश्वर आत्माराम तुरखुड यांनी नारूचा मार्ग प्रयोगाने सिद्ध केला. नारू हा पायातून बाहेर पडणारा हातभर लांब दोऱ्यासारखा कृमी. त्याची अळी पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जिवाच्या पोटात वाढते आणि ते पाणी प्यायल्याने माणसाला बाधते, असा तर्क फेडचेंको या रशियन शास्त्रज्ञाने 1870 च्या सुमारास मांडला होता, पण माणसावरचा पुरावा अपुरा होता. तुरखुड यांनी स्वेच्छेने तयार झालेल्या माणसाला बाधित सायक्लॉप्स पाजून नारू उत्पन्न झाल्याचे दाखवले. त्याच प्रयोगशाळेत ग्लेन लिस्टन आणि एम. बी. सोपारकर यांनी 1918 च्या सुमारास गुरांच्या रक्तात राहणाऱ्या शिस्टोसोमा, म्हणजे रक्तकृमी, कुळातल्या एका कृमीचे जीवनचक्र गोगलगाईतून उलगडले, आणि सोपारकरांनी पुढे मुंबईच्या आसपासच्या गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंतून निघणाऱ्या दुभंगलेल्या शेपटीच्या अळ्यांची बारकाईने वर्णने प्रसिद्ध केली. त्या वेळी हा प्रश्न तातडीचा होता, कारण पहिल्या महायुद्धातून आफ्रिका आणि मेसोपोटेमियाहून परतणाऱ्या सैनिकांबरोबर रक्तकृमीचा रोग भारतात येऊन रुजेल काय, ही भीती होती.

रक्तकृमीचा रोग, ज्याला थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टराने 1851 मध्ये कैरोत त्याचा कृमी शोधल्यामुळे बिल्हार्झिया असेही म्हणतात, तो समजून घेतल्याशिवाय रत्नागिरीचा पुढचा अध्याय कळणार नाही. शिस्टोसोमा हिमॅटोबियम या जातीच्या नर-मादीची जोडी मूत्राशयाभोवतीच्या शिरांत वर्षानुवर्षे राहते. एका टोकाला काटा असलेली तिची अंडी मूत्राशयाची भिंत फाडून लघवीत उतरतात आणि लघवी लाल होते. ती लघवी गोड्या पाण्यात मिसळली की अंड्यातून पोहणारी अळी निघते, तिला काही तासांतच योग्य जातीची गोगलगाय गाठावी लागते, तिच्या शरीरात काही आठवडे वाढून शेकडो नव्या अळ्या बाहेर पडतात, आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून त्या आत शिरतात. आफ्रिकेत या कामाची गोगलगाय बुलिनस जातीची आहे. ती भारतात नाही. म्हणून हा रोग भारतात बाहेरून आलेल्या माणसात दिसेल, पण इथे पसरणार नाही, अशी समजूत होती आणि ती शास्त्रीयदृष्ट्या बिनतोड वाटत होती.

रत्नागिरी तालुक्याच्या उत्तरेला जयगडची खाडी ओलांडली की गुहागर तालुका लागतो, आणि त्याच्या आतल्या भागात गिमवी हे गाव आहे. 1952 मध्ये आर. के. गाडगीळ आणि एस. एन. शहा या दोन डॉक्टरांनी भारतीय वैद्यकीय नियतकालिकात असे प्रसिद्ध केले, की गिमवीच्या ग्रामस्थांमध्ये लघवीतून रक्त जाण्याचे जे दुखणे आहे ते रक्तकृमीचे आहे, आणि ते गावातच लागते. त्या एका गावामुळे भारताचे नाव या रोगाच्या नकाशावर आले. येथे जरा थांबून पाहण्याजोगे आहे ते शोध लागण्याआधीचे त्या दुखण्याचे जीवन. लघवीला जळजळ झाली की कोकणात उन्हाळी लागली म्हणतात आणि धणे-जिऱ्याचे पाणी किंवा कोकमाचे सरबत देतात. रक्त दिसले तर मूतखड्याचा संशय घेतात. हा विचार चुकीचा नाही, बहुतेक रोग्यांच्या बाबतीत तो बरोबरच ठरतो. पण एकाच गावचे अनेक लोक, त्यांतही पोरवयातले, तीच तक्रार सांगू लागले तर खडा हे उत्तर पुरत नाही, आणि हे ओळखायला डॉक्टराला रोग्याच्या नावाआधी गाव विचारण्याची सवय असावी लागते.

तपासणीतही एक मेख आहे. रक्तकृमीची अंडी लघवीत सर्वाधिक उतरतात ती सकाळी नव्हे, तर दुपारच्या सुमारास, आणि तीही लघवीच्या शेवटच्या थेंबांत. दवाखान्यात रोगी येतो सकाळी. तेव्हा दिलेल्या लघवीत काही न सापडणे सहज शक्य असते. सकाळच्या बाटलीवर समाधान न मानता गावात जाऊन, लोकांना भर दुपारी थोडे चालवून, शेवटचा भाग वेगळा घेऊन, तो गाळ बसेपर्यंत ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हे काम प्रयोगशाळेच्या खुर्चीवरून होत नाही. लाजेचा भाग तर निराळाच. ज्या समाजात स्त्रिया लघवीच्या दुखण्याचा उच्चार नवऱ्यापाशीही करीत नसत, तिथे गावभरातून नमुने मिळवायचे तर गावातला कोणी विश्वासाचा माणूस मध्यस्थ असावाच लागतो, आणि शोधनिबंधाच्या शीर्षस्थानी त्याचे नाव कधी येत नाही.

रोगी सापडले तरी गोगलगाय सापडली नव्हती. गिमवीची नदी पावसाळ्यात दोन्ही काठ भरून वाहते आणि उन्हाळ्यात तिचे डोह उरतात. त्याच डोहांत माणसे अंघोळ करतात, बाया कपडे धुतात, म्हशी बसतात आणि भर दुपारी पोरे डुंबतात. सूर्य डोक्यावर असतानाच या कृमीच्या अळ्या गोगलगाईतून सर्वांत जास्त संख्येने बाहेर पडतात, म्हणजे पोरांची डुंबण्याची वेळ आणि अळ्यांची बाहेर पडण्याची वेळ एकच. गाडगीळ आणि शहा यांनी बोट ठेवले ते फेरिसिया टेन्युइस या जिवावर. त्याला शंखाचे वेटोळे नसते. जेमतेम काही मिलिमीटरची, उलटी ठेवलेली इवली टोपी पाण्यातल्या दगडाला किंवा कुजक्या पानाला चिकटलेली असावी तसा तो दिसतो, आणि गोगलगाय शोधायला आलेल्या माणसाची नजर त्याच्यावरून सहज घसरते. 1955 मध्ये त्यांनी या जिवामार्फत कृमीचे जीवनचक्र मुंबई राज्यात पूर्ण होत असल्याचे मांडले. बुलिनस नाही म्हणून रोग नाही, ही समजूत एका गावातल्या दगडावरच्या टोपीने मोडली.

कृमी गिमवीत आला कुठून, याविषयी खात्रीचा पुरावा नाही. रत्नागिरी जिल्हा हा पिढ्यान्‌पिढ्या पलटणींना आणि बोटींना माणसे पुरवणारा जिल्हा असल्यामुळे एखादा सैनिक किंवा खलाशी पूर्व आफ्रिकेतून अथवा मेसोपोटेमियातून तो घेऊन आला असावा, असा तर्क संभवतो. या तर्कात खेड्याची एकाकी प्रतिमा पुसली जाते, हे विशेष. ज्या गावाला धड रस्ता नव्हता, त्या गावाचा रक्ताचा संबंध समुद्रापारच्या नद्यांशी जुळलेला होता.

तुलनेसाठी जपानचा दाखला फार बोलका आहे. तिथल्या यामानाशी प्रांतातल्या कोफू खोऱ्यात भातशेती करणाऱ्यांना पोट फुगून मारणारा एक रोग शतकानुशतके छळत होता, आणि हिरोशिमाकडच्या कातायामा भागात तसाच रोग असल्याची नोंद फुजी नावाच्या स्थानिक वैद्याने 1847 मध्ये लिहून ठेवली होती. 1897 मध्ये सुगियामा नाका या शेतकरी स्त्रीने मृत्यूपूर्वी आपला देह तपासणीसाठी देऊ केला, जेणेकरून गावकऱ्यांच्या रोगाचे कारण कळावे. गावातले डॉक्टर साबुरो मिकामी यांच्या साहाय्याने फुजिरो कात्सुरादा यांनी 1904 मध्ये एका मांजरात या रोगाचा कृमी, रक्तकृमीचीच दुसरी जात, शोधला, आणि 1913 मध्ये मियाइरी व सुझुकी यांनी त्याची गोगलगाय ओळखली. पुढे शेतांचे पाट काँक्रीटने बांधून काढण्याचे काम दशकानुदशके चालले आणि 1996 मध्ये यामानाशीने रोग संपल्याचे जाहीर केले. तिथे मरणाऱ्या शेतकरी बाईचे नाव इतिहासात कोरले गेले आहे. गिमवीच्या ज्या स्त्री-पुरुषांनी लाज बाजूला ठेवून नमुने दिले त्यांच्याविषयी अशी कृतज्ञता मराठीत व्यक्त झालेली दिसत नाही, आणि ही उणीव आहे.

गिमवीच्या शोधावर पुढे शंकाही घेतल्या गेल्या. 1981 मध्ये हाफकिन संस्थेच्या बी. बी. गायतोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गावाचा पुन्हा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला. 1990 मध्ये साउथगेट आणि अग्रवाल या दोन अभ्यासकांनी भारतात माणसाचा रक्तकृमी-रोग खरोखर आहे काय, असा प्रश्न शीर्षकातच घालून फेरिसियाच्या भूमिकेची आणि कृमीच्या जातीची चिकित्सा केली. अशी शंका विज्ञानाला आवश्यकच असते. मात्र तिच्यामुळे 1952 च्या कामाचे मोल उणावत नाही. कृमीची जात कोणती यावर वाद होऊ शकेल, पण गावच्या माणसांच्या लघवीत रक्त होते, त्यांना जे खडा म्हणून सांगितले जाई ते खडा नव्हते, आणि ते पाहायला कोणीतरी त्या नदीपर्यंत गेले होते, यावर वाद नाही.

नारूचा शेवट मात्र निर्विवाद झाला. 1980 च्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधणे, पाणी फडक्यातून गाळणे, पाण्यात टेमेफॉस टाकणे आणि गावोगाव रोगी शोधणे या उपायांनी तो मागे हटला. देशातला शेवटचा रोगी 1996 मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि 2000 मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला. या रोगावर औषध नव्हते आणि लसही नव्हती. तो गेला तो पाण्याच्या व्यवस्थेने आणि घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेवकाच्या पायपिटीने.

अंकुशकृमी अजून गेलेला नाही. 2015 पासून दरवर्षी फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी, दोन वर्षांखालील मुलांना अर्धी, दिली जाते. ती 1 ते 19 वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी आहे. आज रत्नागिरीच्या आंबा-बागांत राखणीला, फवारणीला आणि काढणीला असणारा, मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवर जाळी ओढणारा मजूर पुष्कळदा नेपाळमधून आलेला प्रौढ माणूस असतो. तो बागेतल्या खोपटीत राहतो, तिथल्याच पाण्यावर भागवतो, हंगाम संपला की निघून जातो, आणि वय 19 च्या पुढे असल्यामुळे व शाळेशी संबंध नसल्यामुळे त्या गोळीच्या कक्षेत येत नाही. थकवा आणि धाप या तक्रारी घेऊन तो भाट्यासारख्या गावातून खाडीपुलावरून शहरातल्या दवाखान्यात आला, तर त्याचे रक्त तपासावे, शौच तपासावे, तो कोणत्या जिल्ह्यातून आला, कुठे झोपतो आणि पाय उघडे ठेवून कुठे काम करतो हे विचारावे, ही जबाबदारी आजही तिथे बसलेल्या डॉक्टरावरच येऊन पडते.